भारमान अठ्ठ्याण्णव

१ जून २०२५, रविवार

काल निवृत्त झालो. एसटीत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, लेट झाली तर कारण काय, हे लिहिता लिहिता डोक्यावरचे केस गेले. आज सवयीनं पाचला जाग आली आणि लिहायला काही नाही. दाढी केली, पेपर वाचला, मग पुन्हा दाढी करावी की काय असं वाटायला लागलं. राजनंदिनीनं पुण्याहून ही डायरी पाठवली आहे. सोबत चिठ्ठी, "बाबा, नोंदी ठेवल्या नाहीत तर तुम्ही आजारी पडाल." पोरगी बापाला ओळखून आहे.

निरोपसमारंभात मी भारमानावर बोललो. बसच्या शंभर जागांमागं किती भरल्या, त्याला आम्ही भारमान म्हणतो. नियंत्रकाची सगळी अब्रू त्या आकड्यात असते. सोयगावहून सकाळी निघणाऱ्या गाडीचं भारमान माझ्या कारकिर्दीत अठ्ठ्याण्णव टक्के राहिलं, हे सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. ती गाडी बारा वर्षं चालवणारा सखाराम मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसला होता. त्यानं टाळी वाजवली नाही. जळत असेल.

आजपासून घर हाच आपला स्टँड. नियम जुनाच. खाडाखोड नाही. नोंद चुकली तर एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर काय ते लिहायचं आणि बाजूला सही करायची.

३ जून, मंगळवार

सकाळचा चहा. ठरलेली वेळ ५.५०, आला ६.१५ ला. पंचवीस मिनिटं लेट. कारण: आळस.

आळस हिचा. ही म्हणजे मंजुषा, आमच्या सौ. माहेर देवगाव रंगारी, वय सत्तेचाळीस, लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण. मी ड्यूटीवर होतो तोवर पाचच्या ठोक्याला डबा हातात द्यायची. मी घरी बसलो तशी हिनंही निवृत्ती घेतलेली दिसते.

पूजा मी केली. हिची महिन्याची अडचण आहे. आमच्याकडं त्या दिवसांत बायका देवाला शिवत नाहीत, आईच्या वेळेपासून चालत आलं आहे. पूर्वी दोन फुलं टाकून पळायचो, आज सवडीनं गंध उगाळलं.

८ जून, रविवार

पूजा मीच. सहावा दिवस. चार दिवसांचं काम सहा दिवस कसं चालतं, हे विचारावंसं वाटलं. पण त्या गोष्टी पुरुषानं विचारायच्या नसतात. आज नळाला पाणी यायचा दिवस होता. तीन ड्रम भरायचे होते, ही दुसऱ्या ड्रमलाच बसकण मारून बसली. तिसरा मी भरला.

१० जून, मंगळवार

पूजा आजपासून पुन्हा हिच्याकडं. एकूण सात दिवस मी सांभाळली.

१४ जून, शनिवार

संध्याकाळी भाजी आणायला दोघं गेलो. गारखेड्यातला हा फ्लॅट घेताना लिफ्ट नाही म्हणून स्वस्त पडला होता. आमचा मजला तिसरा. चढताना हिचे थांबे दोन: पहिला मजला आणि दुसरा मजला. विचारलं तर म्हणाली, काय नाय, चप्पल सरकली. दोन्ही ठिकाणी चप्पलच सरकली म्हणे. पिशवी माझ्या हातात होती, म्हणजे ओझ्याचंही कारण नाही.

दुसरी तक्रार. सरबतासाठी फ्रिज उघडला तर बर्फाचा ट्रे रिकामा. ही दिवसभर कडाकडा बर्फ खाते. पाऊस सुरू झालाय आणि हिला बर्फाचे डोहाळे. लहान पोरासारखं वागणं आहे.

२४ जून, मंगळवार

पूजा मी केली. एकाच महिन्यात दुसऱ्यांदा. वेळापत्रकच बिघडलं आहे.

२६ जून, गुरुवार

दुपारी ही म्हणाली, छातीत धडधडतंय. मी लगेच कपाटातून बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र काढलं. करोनात चौदाशेला घेतलं होतं. तेव्हाचा नियम अजून तोंडपाठ आहे, चौऱ्याण्णवच्या खाली आलं की पळायचं. सेल बदलले, हिच्या बोटाला लावलं. वरचा आकडा अठ्ठ्याण्णव.

मला हसूच आलं. म्हटलं, बाई, तुझं भारमान तर माझ्या सोयगाव गाडीइतकं आहे. तीही हसली. खालचा आकडा एकशेआठ आला, तो नाडीचा असतो. कारण: टीव्हीवरच्या मालिका. सासवा-सुनांची भांडणं बघून नाडी वाढणार नाही तर काय.

उद्यापासून रोज सकाळी नऊला मोजायचं.

५ जुलै, शनिवार

ऑक्सिजन ९८. नाडी ११०. पूजा आजपासून हिच्याकडं, माझ्याकडं अकरा दिवस होती. सकाळचा चहा ६.२०. कारण: तेच.

जेवणं झाली की आम्ही दोघं चहा घेतो, दोन्ही वेळा. खरं सांगायचं तर त्या चहालाच आम्ही समोरासमोर बसतो. जेवायला ती माझ्यासोबत कधी बसली नाही. मी उठलो की काय उरलंय ते बघून बसते. हल्ली पोळीचा अर्धा तुकडा मोडते आणि चहावर भागवते. वजन कमी करायचं असेल.

१७ जुलै, गुरुवार

पूजा मी. ऑक्सिजन ९९. नव्व्याण्णव पहिल्यांदाच आलं, राजनंदिनीला फोटो पाठवला.

२० जुलै, रविवार

राजनंदिनी दोन दिवसांसाठी आली होती. येताना नॉनस्टिक भांड्यांचा संच आणला. लोखंडी तवा आणि कढई माळ्यावर गेली. लेकीनं दारातच हिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, आई किती पांढरी दिसतेय, रक्त तपासून घ्या ना. मी म्हटलं, उन्हात जात नाही म्हणून उजळली आहे. तरी तिचा हट्ट, तेव्हा मी महिन्याभराचे आकडे काढून दाखवले. ९८, ९८, ९७, ९८, ९९. एवढे आकडे बघून तीही गप्प बसली. नोंदी ठेवण्याचा हा फायदा.

२८ जुलै, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. पूजा मी, बारावा दिवस. हिची अडचण संपेना, त्यामुळं हिचा सोमवार हुकला. तोंड एवढंसं झालं होतं. म्हटलं, तिसऱ्या सोमवारी वेरूळला घृष्णेश्वराला जाऊ, तोवर आटपेल. तेवढ्यावर खूश झाली. लई साधी आहे.

३१ जुलै, गुरुवार

पूजा आजपासून हिच्याकडं. माझे चौदा दिवस झाले. देव आता माझ्याच ओळखीचे झाले आहेत.

११ ऑगस्ट, सोमवार



सकाळी साडेसहाच्या गाडीनं वेरूळला गेलो. दोघांनाही उपास. रांग मोठी होती. तासाभरानं ही म्हणाली, बसते जरा, आणि तिथंच फरशीवर बसली. यंत्र माझ्या खिशात होतं. बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. खालचा आकडा एकशेबावीस.

मी म्हणालो, "ऊठ, काही झालेलं नाही तुला. लोक बघतायत."

मी म्हणालो म्हणून ती उठली. तीन पावलं चालली आणि सरळ खाली कोसळली.

रांगेत एक आशाताई होत्या, कन्नडकडच्या, गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या. त्यांनी हिचे पाय वर उचलून पिशवीवर ठेवले, मग हिच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढली आणि मला वाकून बघायला सांगितलं. आतून लाल दिसायला हवं होतं. कागदासारखं पांढरं होतं.

"काका, यायच्या अंगात रगतच नाय," त्या म्हणाल्या. "आजच्या आज दवाखाना गाठा."

मी त्यांना यंत्र दाखवलं. हे अठ्ठ्याण्णव म्हणतंय, असं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी ते खिशात घातलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

काल परतताना रक्त तपासायला दिलं होतं. हिचं हिमोग्लोबिन ५.२. बाईला बारा तरी असावं लागतं. बायकांच्या डॉक्टर स्वरदा मॅडमनी तो कागद बघितला आणि त्यांच्याच नर्सिंग होममध्ये लगेच दाखल करून घेतलं. आणखी खाली गेलं असतं तर हृदय दमून थांबलं असतं, असं त्या स्पष्ट बोलल्या.

मॅडमनी विचारलं, त्रास कधीपासून आहे? ही म्हणाली, झाले असतील दोन-तीन आठवडे. मग पाळीबद्दल विचारलं. ही माझ्याकडं बघून गप्प झाली. मला बाहेर बसवलं. दहा मिनिटांनी परत आत बोलावलं, तर मॅडम म्हणाल्या, रक्तस्राव पुष्कळ होतोय एवढं कळलं, पण यांना तारखा आठवत नाहीत.

मी म्हणालो, "तारखा माझ्याकडं आहेत."

ही डायरी पिशवीतच होती. मॅडमनी आधी माझ्याकडं, मग डायरीकडं बघितलं. "तुमच्याकडं कशा?" मी म्हटलं, पूजेच्या आहेत. ज्या दिवशी पूजा मी केली तो दिवस तिच्या अडचणीचा. त्यांनी पेन्सिल घेऊन एकेक पान उलटलं आणि बेरीज केली. सात, अकरा, चौदा. सत्तर दिवसांतले बत्तीस दिवस हिच्या अंगातून रक्त जात होतं. मी प्रत्येक दिवसाची नोंद केली होती, आणि मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

पुढं त्यांना बर्फ दिसला, जिन्यातले थांबे दिसले, नाडीचे आकडे दिसले. त्या म्हणाल्या, काका, इतकी पूर्ण हकीकत घेऊन एकही नवरा माझ्याकडं आलेला नाही. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण त्यांची पेन्सिल 'कारण: आळस' या शब्दांवरून पुढं सरकताना मी बघितली.  ही भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती.

शेवटी मी यंत्र टेबलावर ठेवलं. म्हटलं, मॅडम, मग हे खोटं बोलत होतं का? रोज अठ्ठ्याण्णव.

"खोटं नाही बोलत ते," त्या म्हणाल्या. "रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे, त्यातलं किती ऑक्सिजननं भरलंय, एवढंच ते सांगतं. हिमोग्लोबिन मुळात आहे किती, हे त्याला कळत नाही."

 मी विचारलं, म्हणजे हे भारमान झालं? त्यांना शब्द माहीत नव्हता. मी सांगितलं, गाडी भरलेली आहे की नाही एवढंच भारमान सांगतं. गाड्या किती आहेत ते सांगत नाही. चार गाड्या असोत की एक, भरून चालली तर आकडा अठ्ठ्याण्णवच.

"अगदी तेच," मॅडम म्हणाल्या. "बाराच्या जागी पाच गाड्या. त्या गच्च भरून चालल्यात, आणि बाकी सगळं शरीर फाट्यावर हात करून उभं आहे."



मग त्यांनी औषधाच्या कागदामागं काढून दाखवलं. हिमोग्लोबिनच्या एका कणात जागा चार, आणि प्रत्येक जागेवर लोहाचा एक अणू. त्या लोहालाच ऑक्सिजन धरून बसतो. फुप्फुसात चढायचं, आणि जिथं काम चाललंय तिथं उतरायचं. गंमत अशी की पहिला चढला की उरलेल्यांना चढणं सोपं जातं, आणि पहिला उतरला की बाकीचेही लवकर उतरतात. जो भाग जास्त राबतो तिथं जास्त उतरतात, कुणी सांगावं लागत नाही. चार सीटची म्हणजे गाडी कसली, रिक्षाच म्हणायची. पण अशा रिक्षा एका तांबड्या पेशीत सत्तावीस कोटी.

नाडी का वाढली होती ते मला न सांगता कळलं. गाड्या कमी पडल्या म्हणून हृदय फेऱ्या वाढवत होतं. खालचा आकडा फेऱ्यांचा होता. मी तिथं 'मालिका' लिहून ठेवलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

हिला रक्ताच्या दोन पिशव्या लागणार. बदली रक्त देणारे दोघं हवे होते. एक मी. दुसरा कोण, असा विचार करत होतो तर सखाराम स्वतःहून आला. मी त्याला फोनही केला नव्हता, कुणाकडून तरी कळलं म्हणे.

रक्तपेढीत आधी बोटाला टोचून माझ्या रक्ताचा एक थेंब निळ्या पाण्यात सोडला. थेंब सरळ तळाला गेला. बाई म्हणाल्या, तुमचं रक्त चांगलं जड आहे, चालेल. मी नेमका आकडा मागितला, सवय जात नाही. त्यांनी यंत्रावर बघून सांगितलं, १४.६.

एक घर, एक कुकर, एकच वरणभात. मला साडेचौदा आणि तिला पाच.

पिशवीत जाणारं माझं रक्त काळपट दिसलं म्हणून मी घाबरलो. त्या म्हणाल्या, शिरेतलं आहे, ऑक्सिजन वाटेत उतरवून परत आलेलं, म्हणून गडद. परतीच्या गाड्या. मला आता सगळंच त्या भाषेत कळतं.

बाहेर कॉफी पिताना मी सखारामला विचारलं, निरोपाच्या दिवशी टाळी का वाजवली नाहीस? त्यानं कप खाली ठेवला.

"साहेब, गाडी सोयगावातच भरायची," तो म्हणाला. "पुढं प्रत्येक फाट्यावर लोक हात करायचे. दवाखान्यात निघालेली माणसं, बाळंतिणी. मी गाडी थांबवत नव्हतो, जागाच नाय तर थांबवून काय सांगू त्यायला? त्यायचं तोंड दिसू नाय म्हणून मी समोर बघायचो. तुमचं भारमान ते होतं."

दुसऱ्या फेरीसाठी त्या गावांचा अर्ज आला होता, मला पक्कं आठवतं. त्यावर माझ्याच अक्षरात शेरा आहे: भारमान समाधानकारक, जादा फेरीची गरज नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

दोन्ही पिशव्या चढल्या. ७.३. ओठांना जरा रंग आला आहे. सोनोग्राफीत गर्भपिशवीत मोठी गाठ दिसली, सगळं रक्त तिच्यामुळं जात होतं. मॅडम म्हणतात, गाठ साधी दिसतेय, कॅन्सरची नाही, पण काढावी लागेल. मात्र हिमोग्लोबिन दहाच्या वर गेल्याशिवाय त्या ऑपरेशनच्या टेबलावर घेणार नाहीत. पाळी थांबवायच्या गोळ्या आणि शिरेतून लोहाची इंजेक्शनं सुरू केली.

दहा. आता मला दुसरा आकडा नको.

१९ ऑगस्ट, मंगळवार

घरी आणलं. तीन मजले चढायला अठरा मिनिटं. प्रत्येक मजल्यावर मी खुर्ची आधीच नेऊन ठेवली होती.

जेवणानंतर तासभर चहा बंद, चहा लोह अंगी लागू देत नाही. त्याऐवजी लिंबूपाणी, पेरू, आवळा. म्हणजे आमची समोरासमोर बसायची वेळच गेली. मी तोडगा काढला, जेवायलाच समोरासमोर बसायचं. दोन ताटं एकदम वाढली. ती घास घेईना. म्हणाली, तुम्ही उठल्याबिगर मला गिळत नाय, सवयच नाय. मीही घास घेतला नाही. वरण थंड झालं. मग तिनं पहिला घास घेतला, दाराकडं बघून, कुणी बघेल अशा भीतीनं.

माळ्यावरून लोखंडी तवा आणि कढई उतरवली. फार नाही, थोडा उपयोग होतो म्हणे. थोडा तर थोडा.

२८ ऑगस्ट, गुरुवार

८.४. तीन इंजेक्शनं झाली. काल गणपती बसले. उकडीचे मोदक मी केले, आकार कुणी विचारू नये.

मी मॅडमना विचारलं, रक्त दिलं, लोह दिलं, मग एवढा वेळ का? त्या म्हणाल्या, लोह हा फक्त पत्रा आहे. तांबडी पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होते आणि एकशेवीस दिवस चालते. मोडीत निघाली की शरीर तिच्यातलं लोह काढून नव्या पेशीत बसवतं. म्हणजे आमची एसटीच्या गाड्या बांधायची चिकलठाण्याची कार्यशाळाच.  गाडी बांधायला लागतो तेवढा वेळ द्यावाच लागतो.

१४ सप्टेंबर, रविवार

गोळ्या चालू असतानाही पुन्हा सुरू झालं. सहा दिवस झाले. आजचा आकडा ८.१. खाली आला.

मला फार भीती वाटते. देवासमोर बसलो तर मंत्र आठवेना. इतकी वर्षं मी आकडे वर पाठवत आलो, आकडा खाली आला की माणसाचं काय होतं हे मला माहीतच नव्हतं. ती झोपली की श्वास मोजत बसतो. ती नसली तर या घरात मी कशाची नोंद ठेवणार? मॅडमनी गोळी बदलली आहे, धीर धरा म्हणाल्या. धीर धरतो आहे असं दाखवतो.

२१ सप्टेंबर, रविवार

रक्त थांबलं. चार दिवस झाले.

दुपारी ही म्हणाली, मॅडमनं त्या दिवशी वहीत काय वाचलं, मलाही वाचून दाखवा. मी टाळाटाळ केली. ती ऐकेना. मग पहिल्यापासून वाचलं. चप्पल सरकली तिथं ती हसली. बर्फाच्या डोहाळ्यांनाही हसली. मॅडम म्हणाल्या होत्या की लोह कमी झालं की काहींना अशी बर्फाची ओढ लागते. 'कारण: आळस' आलं तेव्हा मी ते शब्द गिळायला बघितलं, पण तिनं वहीत डोकावून वाचले.

"आळस नव्हता ओ," ती म्हणाली. "मी पाचलाच उठायची. पर उठलं की डोळ्यापुढं काळं यायचं. ओट्याला धरून उभी राहायची, काळं जाईपर्यंत. मग च्या ठेवायची."

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस?

"काय सांगायचं? तुम्ही रोज बोटाला ते लावून म्हणायचे, तू चांगली हाय. मशीन म्हणतंय चांगली, तुम्ही म्हणताय चांगली. मला वाटायचं, मीच नाटकं करते का काय."

ती हे रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर सोपं गेलं असतं. मी तिच्यासमोर रडलो, लग्नानंतर पहिल्यांदा. तिनं पाणी आणून दिलं, आणि उठून पाणी आणलंस कशाला म्हणून मी तिच्यावरच ओरडलो. मग दोघंही हसलो.

संध्याकाळी जुनी पानं काढली. 'आळस' तेवीस ठिकाणी आहे. प्रत्येक ठिकाणी एक सरळ रेघ मारली, वर लिहिलं 'रक्त कमी', बाजूला सही केली. तेवीस सह्या. 'मालिका' एक, 'लहान पोरासारखं वागणं' एक.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा झाला. आज आकडा १०.२.

मॅडमनी दोन वाटा सांगितल्या होत्या, नुसती गाठ काढायची किंवा पिशवीसकट. निर्णय हिनं घेतला, मला न विचारता. "पिशवी काढा, मला आता पाठीमागं काय ठेवायचं नाय." मी फक्त मान हलवली. गुरुवारी ऑपरेशन.

९ ऑक्टोबर, गुरुवार

झालं. दोन तास दहा मिनिटं. शुद्धीवर येताच पहिलं काय बोलली असेल? "पूजा झाली का?" झाली म्हटलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

गाठीचा अहवाल आला, साधी आहे. मॅडमनी फोनवर सांगितलं, मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. राजनंदिनी दिवाळीला येते आहे. या वर्षी फराळ विकतचा, फक्त चकली मी करणार आहे. ही पलंगावरून सूचना देते. नियंत्रक आता ती.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सखारामसोबत स्टँडवर गेलो. नव्या नियंत्रकाला भेटून सांगितलं की सोयगाव फेरीवरचा तो शेरा माझा होता आणि चुकीचा होता. नुसतं भारमान बघू नका, फाट्यांवर किती लोक उभे राहतात ते मोजा. लेखी दिलं, खाली सही केली. तो तरुण आहे, बघतो म्हणाला. सखारामनं निघताना पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

७ डिसेंबर, रविवार

हिमोग्लोबिन १२.१. बोटाचं यंत्र कपाटात ठेवून दिलं.

पूजेचं आता असं ठरलं आहे, एक दिवस ती, एक दिवस मी. अडचणीचा प्रश्नच संपला, पण ती म्हणते, देवाला तुमच्या हातची सवय लागली, मोडू नका. राजनंदिनीला मात्र तिनं फोनवर सांगून टाकलं, तू त्या चार दिवसांत देवाला शिव नायतर नको शिवू, पर तारखा लिहून ठेव. आणि दोन-तीन महिन्यांला रगत तपास.

संध्याकाळी मंडईतून मेथी, गाजरं आणि पेरू आणले. पिशवी तिनं घेतली, दिली नाही मला. जिन्यात ती पुढं, मी मागं. पहिला मजला गेला. तिचा पदर वळणावर दिसेनासा झाला तेव्हा मला जरा घाबरायला झालं, मी पावलं उचलली आणि माझाच दम लागला.

वर आलो तर ती कठड्याला टेकून उभी.  विचारलं, काय झालं, चप्पल सरकली?

"नाय," ती म्हणाली. "तुम्ही मागं राह्यले."

जिने: तीन. हिचे थांबे: एक, दुसरा मजला. कारण: मी.